शाईची वडी, बकरीच्या केसांचा कुंचला आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन

जपानमध्ये पोरगं तिसरीत गेलं की दप्तरासोबत एक चौकोनी पेटी येते. तिसरीपासून तिथल्या शाळेत कुंचल्याने लिहायला शिकवतात, त्याचं सगळं सामान त्या पेटीत असतं. तीच पेटी आता ‘जपानी कॅलिग्राफी सेट’ म्हणून आपल्याकडे ऑनलाइन मिळते. माल बाहेरचा, म्हणून किंमत चार हजारांच्या वर. हे परीक्षण त्या पेटीचं. वापर मात्र एसी खोलीतला नाही. वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या खेड्यातला, मार्च ते डिसेंबर.

निकाल आधीच सांगितलेला बरा. पेटीतला मोठा कुंचला पैसे वसूल करतो. शाईची वडी (पाण्यात उगाळून शाई करतात ती) या पेटीत नव्हती, ती वेगळी घ्यावी लागते आणि जरूर घ्यावी. उरलेलं सामान गावात, नाहीतर तालुक्याला, दोन-तीनशे रुपयांत जमतं, काही बाबतीत पेटीपेक्षा चांगलं. आणि जी गोष्ट पेटीवर कुठेच छापलेली नाही ती ही: हे सामान दमट हवेच्या मुलखासाठी बनलेलं आहे. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत ते वेगळं वागतं.

पेटीत निघतं ते असं: एक मोठा कुंचला, एक बारीक कुंचला, प्लास्टिकची सहाण, शाईची बाटली, कागदाखाली अंथरायचा काळा नमदा, कागद दाबायची लोखंडी पट्टी, पाण्याची छोटी कुपी, बांबूच्या काड्यांची गुंडाळी आणि हान्शी, म्हणजे सरावाच्या पातळ जपानी कागदाचे वीस ताव. माहितीपत्रक पूर्ण जपानीत. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर होतं, पण कुंचला धुण्याच्या सूचनेचं मराठी ‘केसांना अंघोळ घाला’ असं आलं. अर्थ चुकला नाही म्हणायचा.

कुंचला

मोठ्या कुंचल्याची जाडी १० मिमीच्या आसपास, केसांची लांबी साधारण ४५ मिमी. आतला गाभा तपकिरी ताठ केसांचा, बाहेरून बकरीच्या पांढऱ्या मऊ केसांचं आवरण. ताठ केसांमुळे दाब काढला की टोक सरळ होतं. मऊ केस शाई धरून ठेवतात. नवशिक्याला हीच मिसळ लागते. नुसत्या बकरीच्या केसांचा कुंचला दिसायला देखणा असतो, पण एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. त्याला दर रेघेनंतर हातानेच वळण द्यावं लागतं आणि ते जमायला वर्षं जातात.

जपानमधले सुमारे ८० टक्के कुंचले हिरोशिमा प्रांतातल्या कुमानो या गावात बनतात. शाळेच्या पेटीतला कुंचला तिथलाच असेल असं नाही, आणि नसला तरी बिघडत नाही. बघायचं एवढंच: भिजवलेलं टोक एका बिंदूत मिटतं का, आणि हलकं दाबून उचललं की परत उभं राहतं का. या पेटीतला दोन्ही करतो. बारीक कुंचला तितका चांगला नाही. महिन्याभरात त्याचं टोक दोन फाट्यांत फुटलं.

नवा कुंचला खळ लावून कडक केलेला असतो. तो सोडवण्यात पहिली चूक होते. गरम पाण्यात बुडवायचा नाही, बुडाशी केस ज्या गोंदाने धरलेले असतात तो सैल होतो. कोरड्याच कुंचल्याचं टोक दोन बोटांत धरून हळूहळू चुरायचं, टोकाकडून वर जायचं. मग कोमट पाण्यात हलवून खळ धुवायची. मोठा कुंचला दोन-तृतीयांश सोडवायचा, बुडाकडचा तिसरा हिस्सा मिटलेला राहू द्यायचा. बारीक कुंचल्याचं फक्त टोक, तिसरा हिस्सा. तो पूर्ण सोडवला की रेघ ताब्यात राहत नाही, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करतात.

दुसरी चूक टोपणाची. नव्या कुंचल्यावर पारदर्शक प्लास्टिकचं टोपण असतं. ते वाहतुकीपुरतं आहे, फेकून द्या. ओल्या कुंचल्यावर ते परत चढवलं की कडेचे केस दुमडतात, आणि पावसाळ्यात चार दिवसांत आत बुरशी येते.

धुणं रोजचं आहे, टाळता येत नाही. साबण नको, नुसतं पाणी. पंजाच्या खोलगट भागात कुंचला गोल फिरवायचा, मग बुडाशी अंगठ्याने दाबून बघायचं: काळं पाणी निघतंय तोवर धुणं झालेलं नाही. शाई राहते ती टोकाला नाही, बुडाशी. तिथे ती वाळून दगड झाली की केस बाजूला रेटले जातात आणि टोक फुटतं. लोक म्हणतात कुंचला खराब निघाला. खराब धुणं असतं. बकरीचे पांढरे केस कायमचे करडे होतात, ते दोष समजू नका. बारीक कुंचला नळाखाली धरायचा नाही, ओल्या फडक्यावर टोक ओढून पुसायचा.

वाळवायचा टोक खाली करून, टांगून. दांडीच्या वरच्या टोकाला दोऱ्याचा फास असतो तो त्यासाठीच. खिळ्याला अडकवा, पण सावलीत. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या कुंचल्याची बांबूची दांडी उभी तडकते, आणि केसांचा झुबका सुटून हातात येतो. झुबका सुटलाच तर कुंचला पूर्ण वाळू द्या, दांडीच्या पोकळीत फेविकॉलचा एक थेंब सोडा, झुबका बसवून दिवसभर हात लावू नका. पावसाळ्यात संकट उलटं: कसर लागते. कुंचले सुती कापडात गुंडाळून सोबत कापराची वडी ठेवली की पुरतं.

गावातल्या पेंटरचा ब्रश चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक आणि निवडणुकीच्या भिंती रंगवणाऱ्याचा हात पक्का असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा पट्टी ब्रश चपटा. जाड-बारीक रेघ त्याच्या रुंदीतून येते. बोरूची जाड-बारीक रेघ तिरक्या कापातून येते, आणि देवनागरीचं वळण त्या कापातूनच घडलंय. जपानी कुंचला गोल आणि टोकदार, त्याला कोन नाही. त्याची जाडी फक्त दाबातून येते. बोरूवर बसलेला हात म्हणून सुरुवातीला इथे अडतो: कोन शोधत राहतो, सापडत नाही.

शाई

बाटलीतली शाई सरावाला ठीक आहे. जपानमध्ये तयार बाटलीबंद शाई १८९८ पासून विकली जाते, त्यामुळे ती घेतली म्हणजे परंपरा बुडाली असं काही नाही. पण तिचे दोन प्रकार असतात. एकात काजळी धरून ठेवायला प्राण्यांपासूनचा सरस असतो, दुसऱ्यात कृत्रिम राळ. पेटीत आली ती राळेची. ती नासत नाही, पण वाळली की प्लास्टिकसारखी बसते. एप्रिलमधल्या दुपारी कुंचला दहा मिनिटं नुसता पडून राहिला तर टोक कडक होतं. लिहिताना मधे उठायचं असेल तर कुंचला पाण्याच्या वाटीत बुडवून जा, परत आल्यावर जुन्या कापडावर टिपून घ्या. ही शाई दगडी सहाणेवर ओतू नका. दगडाचे दाते बुजले की वडी उगाळली जात नाही, नुसती घसरते.

सहाणेवर उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. मोरीतही नको, रद्दीत टिपून कचऱ्यात टाका. आणि कपडे सांभाळा. हा रंग नाही, काजळी आहे. धाग्यात अडकलेला कण कुठल्याच साबणाने विरघळत नाही.

खरी गंमत वडीत आहे. वडी म्हणजे काजळी, सरस आणि थोडा सुगंध, मळून साच्यात दाबलेला. तेलाच्या दिव्याची काजळी असेल तर काळ्यात किंचित उबदार झाक येते, पाइनच्या (चीड) लाकडाची असेल तर पातळ केल्यावर निळसर. जपानमधली बहुतेक वडी नारा शहरात बनते. तिथला कोबाइएन हा कारखाना १५७७ पासून चालू आहे. काम फक्त थंडीत चालतं, कारण उन्हाळ्यात सरस नासतो. साच्यातून काढलेली ओली वडी उघड्यावर वाळवत नाहीत. ती लाकडाच्या राखेत पुरतात, पहिल्या दिवसांत ओलसर राखेत, मग रोज राख बदलत थोडी थोडी कोरडी करत नेतात. एकदम वाळली तर ती तडकते.

म्हणजे जे टाळायला नाऱ्याचे कारागीर महिने घालवतात ते आपल्या मे महिन्याची एक दुपार करून टाकते. पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवलेली वडी उभी चिरली. आता वडी कागदात गुंडाळून, लाकडी डबीत, मातीच्या भिंतींच्या मधल्या खोलीत ठेवली जाते आणि शाबूत आहे. फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती कुणी सांगेल, करू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं. तडकलेली वडी टाकायची नसते. तिच्याच दाट शाईने तुकडे चिकटवले की वडी पुन्हा चालते. उगाळून झाल्यावर वडीचं ओलं टोक कापडाने पुसून ठेवायचं, सहाणेवर उभी करून विसरायचं नाही. चिकटते, आणि काढताना दगडाचा पापुद्रा घेऊन निघते.

उगाळायचं कसं, हे ज्यांच्या घरी देवपूजेचं गंध उगाळतात त्यांना शिकवावं लागत नाही. सपाट भागावर पाव चमचा पाणी. वडी हलक्या हाताने, जोर न लावता, गोल किंवा मागे-पुढे. जोर लावला की कण जाड पडतात आणि काळा रंग मातकट दिसतो. पाणी दाटलं की ते खोलगट भागात ढकलायचं, वर आणखी पाव चमचा घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांत चार-पाच ताव लिहिण्यापुरती शाई होते. वडी फिरल्यावर मागे दगडाचा तळ क्षणभर उघडा दिसून मग शाई सावकाश भरून येऊ लागली, की झालं. लगेच भरून येत असेल तर अजून पातळ आहे.

पाणी मात्र बोअरचं नको. शाईतले काजळीचे कण सरसामुळे सुटे तरंगत असतात. जड पाण्यातले क्षार त्यांना एकत्र आणतात आणि शाई दूध फाटावं तशी फाटते. कागदावर मधे काळा ठिपका आणि भोवती फिकट पाणी दिसलं, तर दोष वडीचा नाही, पाण्याचा. यवतमाळकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी असं आहे. जारचं आरओ पाणी चालतं. पावसाचं धरलेलं पाणी उत्तम, पण पहिल्या दोन पावसांचं नको, त्यात कौलांवरची धूळ असते.

सरस ऋतूप्रमाणे वागतो. मेमध्ये सकाळी उगाळलेल्या शाईला संध्याकाळपर्यंत वास सुटतो. ती वापरू नका, केसांत अडकून बसते. डिसेंबरच्या पहाटे, पारा दहाच्या आसपास असताना, उलट होतं: शाई खिरीसारखी थिजते आणि कुंचला ओढला जात नाही. तेव्हा पाणी कोमट घ्यायचं आणि सहाणही गरम पाण्याने विसळून घ्यायची. सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतो, ज्यांना तो चालत नाही त्यांनी राळेची बाटलीच घ्यावी. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची होती, ती या कागदावर वापरून पाहिली. चालते, पण वाळल्यावर चमकते आणि फिकट रेघांत छटा देत नाही.

सहाण

पेटीतली सहाण प्लास्टिकची. बाटलीतली शाई ओतायला पुरते, वडी उगाळायला निरुपयोगी. खऱ्या सहाणेला जपानीत दोन भाग मानतात: वरचा सपाट ‘डोंगर’ आणि खालचा खोलगट ‘समुद्र’. दगड बहुतेक पाटीचा, म्हणजे स्लेटचा. मियागी प्रांतातल्या ओगात्सुचा दगड त्यासाठी नावाजलेला. तोच टोकियो स्टेशनच्या छपरावरही आहे. २०११ च्या त्सुनामीत ते गाव उद्ध्वस्त झालं.

देवघरातली गंधाची सहाण वापरू नका. तिचा पोत खरखरीत, चंदनाला लागतो तसा. वडी तिच्यावर झिजते भराभर, पण शाई रवाळ उतरते. त्यापेक्षा माळ्यावर जुनी दगडी पाटी असेल तर शोधा (पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची नको). १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तिच्यावर पाच मिनिटं गोल फिरवा. बोटाला गुळगुळीत पण नखाला किंचित अडणारी झाली की ती सहाण झाली. ‘समुद्र’ म्हणून शेजारी चिनीमातीची बशी. ही व्यवस्था दीड-दोन हजारांच्या विकतच्या छोट्या दगडाला हार जात नाही. विकतचा दगड महिन्या-दोन महिन्यांनी घसरायला लागला तर त्यालाही हाच पॉलिश पेपर लागतो.

कागद

इथे पेटी सगळ्यात जास्त फसते. हान्शीचा ताव साधारण २४ सेमी गुणिले ३३ सेमी. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत. लिहायचं गुळगुळीत बाजूवर. सरावाला रोज दहा-पंधरा ताव लागतात. पेटीतले वीस ताव दोन दिवसांत संपतात आणि मग शंभर तावांचा गठ्ठा पुन्हा आयात. परवडत नाही.

कागदाचं कामच वेगळं आहे. शाई पसरून कडा लोकरीसारखी होते त्याला जपानीत ‘निजिमी’ म्हणतात. शाई संपत आली की रेघेत पांढऱ्या चिरा पडतात ती ‘कासुरे’. दोन्ही दोष नाहीत. पण कुठे येऊ द्यायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि विदर्भात ते हवामान ठरवतं. मेच्या कोरड्या हवेत त्याच कुंचल्याने, त्याच शाईने अर्ध्या अक्षरात कासुरे येते. जुलैच्या झडीत तोच कागद इतका दमट असतो की टोक टेकवलं की डाग पसरतो. उपाय साधे आहेत. उन्हाळ्यात शाई थोडी पातळ करा, लिहायची वेळ सकाळी आठच्या आत ठेवा, आणि आदल्या रात्री कागदाचा गठ्ठा बंद डब्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवा, फडकं कागदाला लागू न देता. पावसाळ्यात शाई दाट करा आणि डब्यात चुन्याच्या खड्याची पुरचुंडी टाका. पंखा बंद. कूलरची ओली हवा कागदाला बरी, पण झोत थेट कुंचल्यावर नको.

पर्याय किती तरी तपासले. झेरॉक्सचा कागद शाई पीत नाही, ती वर तरंगते आणि कागद फुगतो. पतंगाचा कागद घोटलेला, त्याच्यावर कुंचला घसरतो. बटर पेपरचं नावच काढू नका. छापखान्यातला कोरा न्यूजप्रिंट मात्र आश्चर्यकारक चांगला निघाला. तालुक्याच्या छापखान्यात रिळाच्या शेवटचं उरलेलं किलोवर देतात. शाई पितो, कडा थोडी पसरते, दाब लगेच दाखवतो. वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो, पण सरावाचं कोण जपून ठेवतं?

आणि हातकागद. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामात हातकागद होता, आणि कापसाचा प्रदेश म्हणून आपल्याला चिंध्यांचा कागद परका नाही. पण जपानी कागदातले कोझो या झाडाच्या सालीचे तंतू लांब, कापडाच्या चिंध्यांतले कुटून आखूड झालेले. त्यामुळे चिंध्यांचा कागद जाड घ्यावा लागतो आणि पातळ रेघेची पारदर्शकता येत नाही. खळ लावलेला हातकागद शाई आत घेत नाही, न लावलेला एकदम शोषून घेतो. मधला हवा असेल तर न लावलेला घेऊन तांदळाची अगदी पातळ पेज (पाण्यासारखी) एकदा रुंद ब्रशने फिरवा आणि सावलीत वाळवा. भिंतीवर लावायच्या मोठ्या अक्षराला हा कागद झकास.

लिहिलेला पातळ ताव वाळल्यावर सुरकुततो. फ्रेम करायची तर मागून दुसरा कागद डकवायचा, मैद्याच्या पातळ खळीने. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलं तर झुरळं आणि वाळवी दूर राहतात. मोरचूद विषारी आहे, हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा. वडीच्या शाईने लिहिलेलं असेल तर आठवडाभर तरी थांबा, नाहीतर खळीच्या ओलाव्याने अक्षर वाहतं.

बाकी सामान झटपट. लोखंडी दाब: वेल्डिंगच्या दुकानातून २५ मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टीचा २५ सेमीचा तुकडा कापून, कडा घासून घ्या, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, पेटीतल्यापेक्षा भारी बसतं. सळई नको, गोल असते. नमदा: घोंगडीची वीण कागदावर उमटते, साधं दाट ब्लँकेट दुहेरी घडी करून चालतं. पाण्याची कुपी: डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली, धुऊन. बांबूची गुंडाळी एवढी पेटीतली खरंच कामाची, तिच्यात कुंचला हवेशीर राहतो.

कित्ता कशाचा गिरवायचा

पहिली रेघ आडवी. जपानी आकडा ‘एक’ म्हणजे एवढीच रेघ, आणि ती महिनाभर पुरते. टोक वरून-डावीकडून पंचेचाळीस अंशांत टेकवायचं, थांबायचं, दाब तोच ठेवून उजवीकडे न्यायचं, किंचित चढतं. शेवटी थांबून टोक थोडं मागे घेत उचलायचं. सुरुवातीला आणि शेवटी दोन ‘हाडं’ दिसतात, मधला भाग जरा बारीक. मनगट टेबलावर टेकलं तर मधे कंप येतो. हात खांद्यापासून हलला पाहिजे. आपल्या शिरोरेषेच्या सवयीने लोक ही रेघ फटकन ओढतात आणि शेवट शेपटीसारखा सुटतो. रेघेचे तीन शेवट असतात: थांबणं, आकडा मारून सुटणं, आणि झाडून नेणं. त्यानंतर ‘एई’ हे अक्षर, अर्थ ‘चिरंतन’. त्यात आठ मूळ फटकारे येतात म्हणून शेकडो वर्षं तोच कित्ता आहे.

कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, येत नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. जपानी अक्षरमाळेचा क्रम अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा आहे. तो आपल्या वर्णमालेवरूनच बेतलेला. नवव्या शतकात चीनहून परतलेला भिक्षू कूकाई संस्कृत मंत्रांसाठीची सिद्धम लिपी घेऊन आला. ती ब्राह्मीच्या घराण्यातली, म्हणजे देवनागरीची चुलत बहीण, आणि जपानात ती अजून कुंचल्याने लिहितात. देवनागरी अक्षरं या कुंचल्यावर चढवायची तर बोरूच्या वळणाची नक्कल न करता सिद्धमचे नमुने समोर ठेवा. मधोमध फुगलेला दंड, टोकाला थेंब: ती गोल टोकाची भाषा आहे.

जवळच बघायचं असेल तर वर्ध्याला गीताई मंदिराशेजारी निप्पोन्झान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाने उभारलेला विश्वशांती स्तूप आहे. या पंथाचे फूजी गुरुजी १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले होते. ‘नामु म्यो हो रेंगे क्यो’ हा त्यांचा मंत्र. ‘नामु’ म्हणजे आपलं ‘नमो’च. हा पंथ निचिरेन या जपानी भिक्षूच्या परंपरेतला. त्या परंपरेत हा मंत्र खास वळणाने लिहितात, अक्षरांच्या टोकांना लांब मिशा फुटल्यासारख्या रेघा, त्याला ‘दाढीवाला’ मंत्रच म्हणतात. झाडून नेण्याच्या रेघेचा याहून चांगला नमुना सापडणार नाही.

कूकाईवरून जपानीत म्हण आहे: कोबो कुंचला निवडत बसत नाही. कोबो म्हणजे तोच. आपल्या ‘नाचता येईना अंगण वाकडं’च्या जातीची. पण हाच कूकाई ८१२ साली सम्राट सागाला रॅकूनसारख्या दिसणाऱ्या तानुकी प्राण्याच्या केसांचे चार कुंचले, लिपीच्या प्रकारानुसार वेगवेगळे, भेट देत होता. तेव्हा म्हण दुकानदाराला ऐकवू नका, निवडून घ्या.

आजची माणसं, आणि पेटी त्यांच्या कामाची का नाही

बरेच लोक ही पेटी मागवतात ते मोबाइलवर कुणाचं तरी भलंमोठं, शाई उडालेलं अक्षर बघून. त्यांची निराशा होणार. ते काम वेगळ्या घराण्यातलं आहे. १९५२ मध्ये क्योटोच्या र्योआनजी मंदिरात मोरिता शिर्यू, इनोउए यूइची आणि आणखी तिघा सुलेखनकारांनी ‘बोकुजिनकाई’ हा गट स्थापला. अक्षर वाचता आलंच पाहिजे ही अट त्यांनी सैल केली. इनोउए पेशाने शाळामास्तर. नोकरी सांभाळून जमिनीवर कागद अंथरून एकच अक्षर मोठ्या कुंचल्याने लिहायचा. ‘गरिबी’ या अर्थाचं अक्षर त्याने वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलं. शिनोदा तोको या बाई अक्षरापासून निघून निव्वळ रेघेपर्यंत पोचल्या आणि २०२१ मध्ये १०७ व्या वर्षी जाईपर्यंत शाईतच काम करत राहिल्या. कानाझावा शोको हिला डाउन सिंड्रोम आहे. २०१२ च्या एनएचके या जपानी वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकेचं शीर्षक तिच्या हातचं. आणि हायस्कूलची पोरं गाणं लावून, गटाने, जमिनीवरच्या प्रचंड कागदावर लिहितात, त्याची स्पर्धा एहिमे प्रांतात २००८ पासून भरते.

यातलं काहीही १० मिमीच्या कुंचल्याने आणि हान्शीवर होत नाही. मोठ्या अक्षराची हौस असेल तर आयात केलेला जाड कुंचला दहा-पंधरा हजारांत जातो, तो घेऊ नका. शिंदीचा नवा फडा घ्या, झुबका मुठीएवढा ठेवून बाकीचा कापा, रात्रभर भिजवा, टोकं दगडाने ठेचून मऊ करा. न्यूजप्रिंटचे ताव जोडून अंगणात अंथरा. शाई बादलीत, राळेची, पाण्याने निम्मी करून. शिंदीला परत सरळ होण्याची सवय नाही, म्हणून कासुरे भरपूर येते आणि थांबण्याची रेघ नीट येत नाही; पण खांद्यातून हात हलवणं शिकायला याच्यासारखं साधन नाही. सडा टाकलेल्या ओल्या अंगणात करू नका, खालून पाणी चढतं.

घ्यायचं तर

इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना सुलेखन शिकवणाऱ्या चित्रकलेच्या सरांनी, किंवा शाळेने, प्रत्येकासाठी पेटी मागवण्याची चूक करू नये. दहा पोरांमागे तीन मोठे कुंचले, एक वडी, एक दगडी पाटी आणि न्यूजप्रिंटचा गठ्ठा पुरतो. सुटा कुंचला हजार-बाराशेपर्यंत पडतो. विकणाऱ्याला केसांची मिसळ आणि टोकाची जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. नुसतं ‘मीडियम’ म्हणत असेल तर दुसरीकडे बघा. वडीवर ‘फक्त शोभेसाठी’ असा प्रकारही विकतात, त्यावर सोनेरी ड्रॅगन जास्त आणि काजळी कमी असते.

गावच्या पिनकोडवर बऱ्याच कुरिअरवाल्यांची सेवा नसते आणि पार्सल तालुक्याला पडून राहतं. एका पार्सलमधली बाटली पत्र्याच्या गोदामात आठवडाभर तापून झाकणातून गळली आणि कागदाचा गठ्ठा काळा झाला; भरपाई मिळाली नाही, कारण पावतीवर ‘द्रव पदार्थ’ लिहिलेलं नव्हतं. टपालाने मागवा, बाटली आणि कागद वेगवेगळ्या पार्सलमध्ये, आणि मागवायचं ते दिवाळी ते संक्रांत या दिवसांत.